रविवारच्या रस्स्याचा हिशेब

विदर्भात रविवार आणि रस्सा यांचं नातं पक्कं आहे. चंद्रपूर असो की गडचिरोली, सकाळी अकराच्या सुमारास कोणत्याही गल्लीतून जा, खोबरं-खसखस भाजल्याचा वास येतोच. रस्सा उत्तम असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझी सारी नोकरी बँकेत नावे-जमा बघण्यात गेली, त्यामुळे दुसरी बाजूही दिसते. भाजणं, वाटणं, तेल सुटेपर्यंत परतणं यात घरच्या बाईची सकाळ संपते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती बसते, तेव्हा पातेल्यात तुकडे कमी आणि रस्साच जास्त उरलेला असतो. सुटी सगळ्यांना, तिला नाही.

माझं मत असं, की महिन्यातले दोन रविवार तरी रस्स्याला रजा द्यावी आणि रात्री चक्क्यातली कोंबडी करावी. निवृत्तीनंतर आमच्याकडे ती मीच करतो. शनिवारी रात्री किलोभर दही फडक्यात बांधून टांगायचं. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पुरचुंडी चाळणीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर दही आंबून जातं. सकाळी साधारण निम्मा चक्का हाती येतो. त्यातला अर्धा घेऊन त्यात आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ कालवायचं आणि किलोभर कोंबडीला चोळून दोन-तीन तास पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायचं. दह्याच्या आंबटपणाने मांस मऊ होतं, आणि पाणी निथळलेलं असल्याने मसाला तुकड्याला धरून राहतो. मग जाड बुडाच्या कढईत कांदा परतून, झाकण ठेवून, मंद आचेवर पाऊण तास. आच मोठी केली तर चक्का फुटतो, एवढंच सांभाळायचं.

दही आणि मांस एकत्र नको, असं कोणी म्हणेल. बिर्याणी आणि कोरमा आवडीने खाताना ही शंका कोणाला येत नाही.

उरलेल्या अर्ध्या चक्क्यात मीठ, जिरेपूड आणि हंगामाचं फळ. वैशाखात चारं किंवा पिकली टेंभरं, ज्येष्ठात जांभूळ, कार्तिकात सीताफळ, पौषात बोरं. बिया तेवढ्या काढाव्यात. चाराच्या बीमधली चारोळी पुण्या-मुंबईच्या बासुंदीपर्यंत पोचते, पण ते नाजूक फळ मात्र इथेच खावं लागतं. भामरागडकडच्या माडियांमध्ये पूर्वी गाय दुभण्याची रीत नव्हती. दूध वासराचं, हा त्यांचा न्याय. म्हणजे या ताटातला चक्का बाहेरून आलेला, फळ अस्सल इथलं. दोघांचं जमतं छान.

आपण मात्र पाहुण्यांपुढे सफरचंद कापतो आणि बसस्थानकाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. जंगलातलं म्हणजे फुकटचं, हा समज त्यामागे असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा वनवासींचा हक्क मान्य केला. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. ती टोपली हक्काच्या मालाची आहे, आणि पहाटेपासूनची पायपीट त्यात वेगळी.

तेव्हा येत्या रविवारी दोन गोष्टी कराव्यात. फळ घासाघीस न करता घ्यावं, आणि कढई घरातल्या पुरुषाने चढवावी. पानं मात्र सगळ्यांची एकदमच मांडावीत, तिचंही.