भाजणीचा डबा

गेल्या दिवाळीत आम्ही उभयता लेकीकडे लंडनला गेलो. आमच्या हिने नाहूरच्या गिरणीतून चकलीची भाजणी दळून आणली. पेढे मात्र घरीच राहिले. आपल्याकडून तिकडे दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई!

पाहतो तो लेकीच्या फडताळात पोहे, गूळ, कोकम सारे हजर. १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ नांदते आहे त्या शहरात. हौन्स्लोला तर वडापावही मिळतो. हिचा चेहरा उतरला. "मग मी आणलं तरी काय?"

लेक म्हणाली, "आई, डाळी इथंही मिळतात गं. पण किती भाजायच्या, ते कुठल्या दुकानात विचारू?"

ही पदर खोचून उठली.

यंदा नाहूरहून डबा गेला नाही. परवा फोन मात्र आला, "आई, डाळ बदामी झाली. उतरवू?"