'फ्रॅग्रन्स' या एका शब्दाआड

बाथरूममधली शाम्पूची किंवा केसांच्या क्रीमची बाटली घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. घटकांच्या यादीत कुठेतरी 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' हा शब्द सापडेल. बाकीच्या प्रत्येक रसायनाचं नाव स्वतंत्र लिहिलेलं असतं. हा मात्र एकच शब्द, आणि त्याच्या आत दोन-चार किंवा पन्नास-साठ रसायनंही असू शकतात. कोणती, ते बाटली सांगत नाही.

हा शब्द आपल्या सगळ्यांच्याच घरात आहे. पण त्याची सगळ्यात जास्त किंमत कोण मोजतंय हे बघायचं असेल, तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांकडे बघावं लागतं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. घट्ट कुरळे केस कोरडे पडतात, टाळूचं तेल टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून या केसांना तेल, मलम, लोशन, लीव्ह-इन कंडिशनर असं बरंच काही लागतं. शाम्पू दोन मिनिटांत धुऊन जातो, पण या गोष्टी टाळूवर आणि केसांत दिवसच्या दिवस राहतात. एकावर एक थर बसतात. वरून कधी गरम कंगवा किंवा ड्रायरही फिरतो. आणि हे सगळं लहानपणापासून. आई मुलीला गुडघ्यांत धरून बसवते, भांग पाडते, टाळूला मलम चोळते, वेण्या घालते. आपल्याकडे रविवारी आईच्या हातचं तेल-पाणी ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याला जसा खोबरेल तेलाचा वास म्हणजे आई, तसा तिथल्या कित्येकींना बर्गामॉटच्या मलमाचा वास म्हणजे आई किंवा आजी. त्या वासाला नावं ठेवायला हे लिहीत नाही. उलट कंपन्यांना या आठवणीची किंमत पक्की ठाऊक आहे. म्हणून तर नारळ, आंबा, शिया बटर, कोको बटर असा दरवळ डब्याच्या झाकणाबाहेर येत असतो.

दुसरी बाजू सक्तीची. सरळ केस म्हणजे 'नीटनेटके', कुरळे केस म्हणजे 'अव्यवस्थित', हे समीकरण तिथल्या शाळांनी आणि ऑफिसांनी पिढ्यानपिढ्या चालवलं. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून भेदभाव करता येणार नाही, असा 'क्राउन' कायदा करणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया. साल २०१९! म्हणजे नोकरी टिकवायला केस सरळ करायचे, त्यासाठी रसायनं लावायची, आणि त्याच रसायनांत काय आहे हे विचारलं तर उत्तर 'फ्रॅग्रन्स'.

आता आकडे बघू. मॅसॅच्युसेट्समधल्या सायलेंट स्प्रिंग इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय स्त्रिया वापरतात अशी केसांची १८ उत्पादनं त्यांनी प्रयोगशाळेत तपासली. शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करू शकतील किंवा दम्याशी संबंध असेल अशी ६६ रसायनं शोधली, त्यातली ४५ सापडली. सुवासाची रसायनं अठराच्या अठरा उत्पादनांत. ७८ टक्क्यांत पॅराबेन. आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा: जी रसायनं सापडली त्यातली ८४ टक्के लेबलवर नव्हतीच. युरोपात बंदी असलेली किंवा कॅलिफोर्नियाच्या इशारा-यादीत असलेली रसायनं ११ उत्पादनांत निघाली. लहान मुलींसाठी म्हणून विकले जाणारे केस सरळ करायचे दोन रिलॅक्सर यात वरच्या नंबरावर होते.

लेबलवर नाही म्हणजे कंपनीने कायदा मोडला का? तसं असेलच असं नाही, आणि खरा मुद्दा तोच आहे. अमेरिकेत १९६६ च्या वेष्टन आणि लेबलच्या कायद्याने व्यापारी गुपितांना संरक्षण दिलं. पुढे नियम झाला की सुवासाच्या मिश्रणातले घटक वेगवेगळे लिहायची गरज नाही, 'फ्रॅग्रन्स' म्हटलं की पुरे. सुवास टिकावा म्हणून वापरलं जाणारं डायइथाइल थॅलेट याच शब्दाखाली गुपचूप बसू शकतं. दार कायद्यानेच उघडं ठेवलंय, आत कोण शिरलं ते कुणी विचारायचं नाही.

कंपन्यांचं म्हणणं असं की आमचा सुवास ही आमची बौद्धिक संपत्ती, घटक सांगितले तर स्पर्धक नक्कल करतील. ऐकायला पटतं. पण स्पर्धकाकडे प्रयोगशाळा असते. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात नमुना घातला की सुवासातले बहुतेक घटक वेगळे होऊन समोर येतात, हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मग हे गुपित नक्की कुणापासून? ज्या बाईकडे प्रयोगशाळा नाही, फक्त डोळे आणि चष्मा आहे, तिच्यापासून. शिवाय प्रमाण आणि कृती कुणी मागतच नाहीये. फक्त नावं मागतोय. पाकिटावर 'शेंगदाणे आहेत' लिहिलं म्हणून कुठल्या चिवड्याची पाककृती चोरीला गेली?

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. एखादं रसायन सापडणं म्हणजे त्याने आजार होणारच असं नाही. मात्रा किती, किती वर्षं, त्वचेतून शरीरात किती गेलं, हे सगळं मोजावं लागतं. सुवासामुळे अमुक आजार होतो असं मी म्हणत नाही. पण पार्श्वभूमी बघा. पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय स्त्रियांना गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी होतात, गोऱ्या स्त्रियांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास. शिवाय कृष्णवर्णीय स्त्रियांना त्या कमी वयात होतात आणि जास्त त्रास देतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ३३,४९७ स्त्रियांच्या अभ्यासात असं दिसलं की केस सरळ करायची रसायनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. सत्तरीपर्यंतचा अंदाज न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हा अभ्यास रिलॅक्सरचा, सुवासाचा नाही. आणि तो संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. पण नेमकं कोणत्या घटकामुळे हे शोधायचं तर आधी घटक माहीत नकोत का? लपवायचं आणि वर म्हणायचं 'पुरावा कुठाय?' ही चांगलीच सोय झाली.

"मग वापरू नका ना!" हा सल्ला आपल्याकडेही लगेच मिळतो. कुठून आणायचं दुसरं? एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुपने २०१६ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांसाठीची हजाराहून जास्त उत्पादनं तपासली. कमी धोक्याच्या गटात बसणारी पाव हिस्साही नव्हती. सर्वसाधारण बाजारातल्या उत्पादनांत हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे निवडीचं स्वातंत्र्यसुद्धा रंग बघून मिळतं. बिनवासाचं घ्यावं म्हटलं तर तिथेही मेख आहे. 'अनसेंटेड' लिहिलेल्या डब्यात मूळ रसायनांचा वास मारायला घातलेला सुवास असू शकतो, फक्त तो आपल्या नाकाला कळत नाही. 'फ्रॅग्रन्स-फ्री' आणि 'अनसेंटेड' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे दुकानात उभ्या असलेल्या बाईला कोण सांगणार?

हे बदलता येतं. युरोपात २००५ पासून ॲलर्जी करू शकणारे २६ सुवास-घटक ठरावीक प्रमाणाच्या वर असतील तर नावानिशी लिहावे लागतात. २०२३ मध्ये ती यादी ८० च्या वर गेली. सुवासाचा धंदा काही तिथे बुडाला नाही. कॅलिफोर्नियात २०२२ पासून धोक्याच्या याद्यांवरचे सुवास-घटक राज्य सरकारला कळवावे लागतात आणि ती माहिती लोकांना बघता येते. अमेरिकेच्या संसदेनेही डिसेंबर २०२२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांचा नवा कायदा केला. त्यात ॲलर्जीकारक सुवास-घटक लेबलवर आणायचा नियम करा, मसुदा दीड वर्षात आणा, असं सांगितलं. मुदत होती जून २०२४. मसुदा आला नाही. केस सरळ करायच्या उत्पादनांतल्या फॉर्मल्डिहाइडवर बंदीचा प्रस्तावही असाच तारखेवर तारीख घेत राहिला. ज्यांच्या डोक्यावर ही रसायनं जातात त्यांचा आवाज वॉशिंग्टनमध्ये किती पोहोचतो, ते यातून कळतं.

आता परत आपल्या बाथरूममध्ये येऊ. आपणही तेल धुऊन टाकत नाही, रात्रभर ठेवतो. आपल्याही पोरींना दोन वेण्यांच्या वयापासून वासाची तेलं लागतात. आणि आता गल्लीतल्या पार्लरमध्येही स्मूदनिंग आणि केराटिनचे दर लावलेले असतात. तिथल्या बायांचं दुःख आणि आपलं दुःख एकच, असं म्हणायचं नाही. वर्णभेदाचं ओझं त्यांचं आहे, ते आपण आपल्या नावावर करू नये. पण बाटलीवरचा तो एक शब्द मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

म्हणून मागणी साधी आहे: सुवास ठेवा, नावं लिहा. आज आंघोळीला जाल तेव्हा बाटली उलटी करून बघा. लेकीच्या डोक्यावर काय घालतोय हे आईला वाचता आलं पाहिजे, मग ती शिकागोची असो की सोलापूरची.