तिचा वर्ग कोणता?

समाजशास्त्रात वर्ग शिकवताना कुटुंबप्रमुखाचा धंदा विचारतात. बाईचा वर्ग त्यावरूनच ठरतो. भाईंदरच्या चाळीत येऊन पाहा. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, बाई घरी नगावर इमिटेशनच्या दागिन्यांत खडे बसवते. माल ठेकेदाराचा, डोळे तिचे, वीजबिलही तिचेच. जनगणनेवाला आला की दारातून उत्तर जाते, 'ती घरीच असते.' झाली बिनकामाची!

अमेरिकेच्या समाजशास्त्रज्ञ जोन अॅकर यांनी १९७३ सालीच या मोजणीतला पुरुषीपणा उघडा पाडला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी मजुरी करणाऱ्यांसाठी करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. मैत्रिणींनो, विषमतेचा अभ्यास करायचाय ना? मग नवऱ्याचा पगार नंतर, आधी तिचा नगाचा भाव विचारा.