हाड वर गेले, कडे खाली आले!

भाऊबीज आटोपली की पुण्यामुंबईची मंडळी फराळाचे रिकामे डबे घेऊन परतीला लागतात. आम्ही मात्र तेव्हाच ब्रह्मपुरीला निघतो. तिथे आमचे मामा राहतात हे एक कारण. दुसरे असे की, झाडीपट्टीतली खरी मौज भाऊबीजेनंतरच सुरू होते. गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक! रात्री उघडलेला पडदा पहाटे पडतो. पंचक्रोशीतली माणसे बायकापोरांसह, थंडीत अंगाभोवती चादरी लपेटून, शेवटच्या प्रवेशापर्यंत बसून राहतात.

गेल्या खेपेस नाटकाला जायच्या आधी आमच्या चिरंजिवांनी ओसरीवर बसून मोबाईलवर एक अंतराळपट लावला. याने त्याचे यान फोडायचे, त्याने याचे. मध्येच एखादा ग्रहच उडवून द्यायचा, असा एकंदर मामला. मामा शाळामास्तर होते. त्यांनी चष्म्यावरून दहा मिनिटे हे सारे पाहिले आणि विचारले,

"बाबू, एवढी विमानं फुटली, त्यांचे तुकडे कुठं गेले गा?"

"आजोबा, ते अंतराळ आहे. तिथे कुठे पडणार?"

"आमच्याकडे पडले होते की!" मामा म्हणाले.

चिरंजिवांना ही थट्टा वाटली. पण वाचकहो, ती थट्टा नव्हती. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आभाळातून जळते लोळ ओळीने सरकत गेले. मामांनी ते आपल्या गच्चीवरून पाहिले. थोड्या वेळाने बातमी आली की, शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ आभाळातून धातूचे एक कडे पडले आहे. कडे म्हणजे केवढे? तीन मीटर व्यासाचे. बैलगाडीचे चाक त्याच्यापुढे बांगडीच! पुढे पवनपारला धातूचा एक गोळाही सापडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. 'इस्रो'चे शास्त्रज्ञ येऊन ते अवशेष पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो उरलासुरला भाग असावा, असा जाणकारांचा कयास आहे.

तारीख ऐकून आम्ही चमकलो. सन १९६८ मध्ये याच २ एप्रिलला स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१ : ए स्पेस ओडिसी' या चित्रपटाचा पहिला खेळ वॉशिंग्टनला झाला होता. त्यात एक आदिमानव हातातले हाड आभाळात भिरकावतो, आणि पुढच्याच क्षणी हाडाच्या जागी अवकाशात तरंगणारे यान दिसते. म्हणजे हाड वर गेले वॉशिंग्टनला, आणि चोपन्न वर्षांनी खाली आले ते लाडबोरीला!

गमतीचा भाग सोडा. पण मामांच्या प्रश्नाने आम्हाला विचारात पाडले. विज्ञानपटांनी प्रेक्षकाला थक्क करू नये असे आमचे म्हणणे नाही. १९०२ साली फ्रान्सच्या मेलिएसने चंद्राच्या डोळ्यातच तोफगोळा रुतवला, तो थक्क करण्यासाठीच. १९२९ साली जर्मनीच्या फ्रिट्झ लँगने चंद्रावरच्या चित्रपटात उड्डाणापूर्वी उलटे आकडे मोजले. तो प्रसंग रंगवण्याचा डाव होता. पुढे खऱ्या अग्निबाणांसाठीही तशीच मोजदाद होऊ लागली! त्या काळी सिनेमा विज्ञानाच्या पुढे दोन पावले चालत होता.

मग १९७५ साली स्पीलबर्गचा 'जॉज' आला आणि १९७७ साली लुकासचा 'स्टार वॉर्स'. उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकदम, प्रचंड गाजावाजाने चित्रपट लावायचा, ही रीत त्यांनी पक्की केली. अंतराळात हवा नाही, म्हणून आवाजही नाही. कुब्रिकने ती शांतता पाळली होती. लुकासने तिथे खुशाल तोफा धडधडवल्या. शिवाय खेळण्यांचे हक्क त्याने स्वतःकडे ठेवले होते. खेळ संपला तरी खेळण्यांचा पैसा येतच राहिला.

तरीही त्या मंडळींना हात राखून खर्च करावा लागे. 'जॉज'मधला यांत्रिक मासा समुद्राच्या पाण्यात वरचेवर बिघडे; म्हणून तो फारसा दाखवलाच नाही, आणि लोक जास्त घाबरले. दोन तासांहून मोठ्या 'जुरासिक पार्क'मध्ये (१९९३) डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटे. उरलेला वेळ, ही जनावरे पुन्हा जन्माला घालावीत का, यावर माणसे भांडत असतात. आता संगणक हवे ते, हवे तितके दाखवतो. त्यामुळे भांडायला वेळच उरत नाही!

अपवाद आहेत. २०१३ च्या 'ग्रॅव्हिटी' चित्रपटात अंतराळातला कचराच खलनायक होता. तो आला ऑक्टोबरमध्ये. ५ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेला, आपले मंगळयान उडाले, तेही त्या चित्रपटापेक्षा कमी खर्चात. आमच्या घरी त्या दिवशी ओवाळणीपेक्षा चर्चा त्याचीच अधिक झाली होती.

असो. रात्री आम्ही नाटकाला गेलो. नायकाच्या म्हाताऱ्या आईचे भाषण चालले होते आणि हजारभर माणसांत कोणी खोकतही नव्हते. ना यान, ना स्फोट. मध्यंतरात चहासाठी मंडपाबाहेर आलो. धानाच्या कापलेल्या बांध्यांवर आभाळ स्वच्छ होते. एक ठिपका न लुकलुकता सरळ चालला होता.

"उपग्रह," चिरंजीव म्हणाले. आणि थोडे थांबून, "आजोबा, हा खाली कधी येईल?"

मामांनी चहाचा पेला खाली ठेवला. नातवाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले,

"हां! आता तू सिनेमा पाहायला लागलास."