मानसशास्त्र शिकायचंय? शिका, पण शेवटची पायरी बघून

बारावीनंतर काय, असं वस्तीत विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. पोलीस भरती, आयटीआय, डीएड, नर्सिंग, बँकेची परीक्षा. पोरगं फारच हुशार असेल तर एमबीबीएस. अलीकडे या यादीत एक नवं नाव ऐकू येतं, ते म्हणजे सायकॉलॉजी, मानसशास्त्र. अकरावीला तो विषय घेतलेला असतो, मोबाइलवर काही ऐकलेलं असतं. कधी घरातच कुणाचं मन बिघडलेलं मुलीनं जवळून पाहिलेलं असतं. मग ती म्हणते, मला हेच करायचंय.

आई आम्हाला विचारते, "ताई, म्हणजे हिनं वेड्यांच्या दवाखान्यात नोकरी करायची का?" वडील विचारतात, "पगार किती मिळणार, आणि कधीपासून?" हे प्रश्न हसण्यावारी न्यायचे नाहीत. रोजंदारीच्या घरात एका मुलीची पाच-सात वर्षं म्हणजे सगळ्या घराची पाच-सात वर्षं असतात. जीएनएम करून आम्ही कितीतरी वर्षं वॉर्डात काढली, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करतो. त्या अनुभवावरून आमचं मत असं आहे : मुलीला नाही म्हणू नका, पण तिला अर्ध्या शिडीवरही सोडू नका.

आधी गरज किती आहे ते पाहू. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. म्हणजे दर शंभरात दहा-अकरा माणसं. त्याहून वाईट गोष्ट अशी की आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. आपल्या राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. वस्तीतल्या बाईनं तिथपर्यंत जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, वर "हिला वेड लागलं" हा शिक्का.

म्हणून ती जातच नाही. ती येते बाह्यरुग्ण विभागात, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, झोप नाही, अंगात कणकण आहे म्हणून. रक्त तपासलं, ईसीजी काढला, सगळं ठीक. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, पुढचा नंबर येतो. नवरा पितो, मुलगा शाळा सोडून बसलाय, डोक्यावर बचत गटाचं कर्ज आहे, हे विचारायला तिथं कुणाला वेळ नसतो. बरेचदा त्यासाठी शिकलेलं माणूसच तिथं नसतं. मग ती देवऋषाकडे जाते. तिला दोष देण्याआधी विचारू या, दुसरं कोण होतं तिच्यासाठी?

नुसती माणसांची संख्या वाढूनही काम होत नाही. समोर बसलेल्याला आपलं जगणं कळलं पाहिजे. कॉलेजात आडनाव विचारून झाल्यावर मैत्रिणींचा बदललेला सूर, वसतिगृहात कोट्यावरून मारलेले टोमणे, हे सांगितल्यावर "तू जास्तच मनाला लावून घेतेस" असं ऐकावं लागलं तर पोरगी पुन्हा त्या खोलीत जात नाही. २०१६ मध्ये हैदराबादच्या विद्यापीठातला रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या. तेव्हा आपण मोर्चे काढले, आणि ते काढायलाच हवे होते. पण आज वसतिगृहात एकट्या पडलेल्या मुलाशेजारी बसून त्याचं म्हणणं ऐकणारं, त्यातलं शिक्षण घेतलेलं, आपल्यातलं माणूस किती ठिकाणी आहे?

आपल्यातलं माणूस या शास्त्रात शिरलं की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. मेमी क्लार्क आणि केनेथ क्लार्क हे कृष्णवर्णीय जोडपं. दोघंही मानसशास्त्रज्ञ. १९४० च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या हुबेहूब सारख्या, फरक फक्त रंगाचा. छान बाहुली कोणती, वाईट कोणती, असे साधे प्रश्न विचारले. बहुतेक मुलांनी छान म्हणून गोरी बाहुली उचलली, आणि बऱ्याच जणांनी आपल्याच रंगाची बाहुली वाईट ठरवली. भेदभाव एवढ्याशा लेकराच्या मनात कुठवर शिरतो ते सगळ्यांना दिसलं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालात केनेथ क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे. मेमी आणि केनेथ यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, आपल्याच लोकांच्या वस्तीत, मुलांसाठी केंद्र काढलं. दोघांचीही पीएच.डी. कोलंबिया विद्यापीठाची. त्याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले होते.

आता शिडीकडे येऊ. "सायकॉलॉजी करायचंय" एवढं म्हणून भागत नाही, कारण मनाच्या आरोग्याचं काम करणारे पाच वेगवेगळे लोक असतात आणि पाचही जणांचा रस्ता वेगळा आहे.

पहिला मनोविकारतज्ज्ञ. हा डॉक्टर असतो, तोच औषधं लिहितो. त्यासाठी बारावी सायन्स, नीट, साडेपाच वर्षं एमबीबीएस आणि पुढे तीन वर्षं एमडी.

दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हा चाचण्या घेतो, निदानाला मदत करतो, बोलण्यातून उपचार करतो, औषधं देत नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते. मानसशास्त्रात पदवी, मग एमए, आणि त्यानंतर रुग्णालयात प्रत्यक्ष शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तो आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्यता दिलेलाच हवा. आजवर हा अभ्यासक्रम एम.फिल. होता. आता ते बंद होत असून त्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या यादीत त्या कॉलेजचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का, हे स्वतः बघायचं. जागा थोड्या असतात, प्रवेश परीक्षा अवघड असते. एकूण सात-आठ वर्षं धरून चाला.

तिसरा समुपदेशक. मानसशास्त्राची पदवी आणि समुपदेशनातलं एमए, साधारण पाच वर्षं. शाळा, कॉलेज, संस्था, सरकारी रुग्णालयातलं एचआयव्ही तपासणी केंद्र, किशोरवयीनांचं मैत्री क्लिनिक अशा ठिकाणी काम मिळतं. सरकारी यंत्रणेतली यातली बरीच पदं कंत्राटी आहेत, हेही घरी आधीच सांगून ठेवावं.

चौथा मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता. कुठलीही पदवी घेऊन दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, आणि पुढे त्यातलंच विशेष शिक्षण. रुग्णाचं घर, काम, शेजार सावरण्याचं हे काम आहे. ज्या मुलीला माणसांत मिसळायला आवडतं तिनं याचा जरूर विचार करावा. मुंबईत टिस आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही यातली जुनी नावं.

पाचवी मानसोपचार परिचारिका. आमच्या ओळखीचा हा रस्ता. जीएनएम तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, त्यानंतर मानसोपचार नर्सिंगची एक वर्षाची पदविका किंवा एमएस्सी. ज्या घराला लवकर कमाई हवी त्या घरासाठी हा रस्ता बरा, कारण नोकरी आधी लागते आणि पुढचं शिक्षण नंतर घेता येतं. मन समजून घेण्याचं काम नर्स रात्रपाळीत जितकं करते तितकं क्वचितच कुणी करत असेल.

आता फसण्याच्या जागा. पहिली म्हणजे नुसतं बीए करून थांबणं. मानसशास्त्रात बीए झालेली व्यक्ती रुग्णावर उपचार करू शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं ते ठरवून दिलेलं आहे. बीए करून स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर खुशाल द्या, पण मग ते आधीच ठरवून करा.

दुसरी म्हणजे तीन महिन्यांत, सहा महिन्यांत "सर्टिफाइड काउन्सेलर" करणारे क्लास. वीस-तीस हजार रुपये घेतात आणि फ्रेम करून भिंतीवर लावायचा कागद देतात. आईनं भिशीचे पैसे मोडून हा कागद घेऊ नये. तिसरी जागा दूरशिक्षणाची. आपली बरीच मुलं कामं करून बाहेरून शिकतात. पण २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरशिक्षणानं आणि ऑनलाइन देणं बंद केलं आहे. कुणी "घरबसल्या सायकॉलॉजीची डिग्री" म्हणत आलं तर दार लावून घ्या.

मुलांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. या विषयात नुसत्या गप्पा नसतात. संख्याशास्त्र असतं, प्रयोग असतात, अहवाल लिहायचे असतात. पदवीपर्यंत अनेक ठिकाणी मराठीत शिकता येतं, पण एमएला पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात. म्हणून अकरावीपासूनच रोज पानभर इंग्रजी वाचा, न समजलेले शब्द वहीत उतरवा. दुसरी गोष्ट नाजूक आहे. स्वतःचं मन फार दुखलं असेल, आणि ते बरं करायला म्हणून हा विषय घ्यावासा वाटत असेल, तर विषय जरूर घ्या, पण उपचार आधी घ्या. पाठ्यपुस्तक हा काही इलाज नव्हे. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. २०२२ पासून ती चोवीस तास सुरू आहे आणि मराठीतही बोलता येतं. हा नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर रस्ता बंद नाही. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुढे पीएच.डी. करायची झाली तर बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात प्रवेश घेण्याआधी शिष्यवृत्ती लागू होते का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता ही कागदपत्रं बारावीच्या आधीच तयार ठेवा. ऐन वेळी सेतू केंद्रावर रांग लागते आणि प्रवेशाची तारीख निघून जाते.

आणि नोकरी? सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. आदेश कागदावर आहे. तो शाळेत उतरायचा असेल तर पालक सभेत कुणीतरी उभं राहून विचारलं पाहिजे, "सर, आपल्या शाळेत हे माणूस कुठे आहे?" हा प्रश्न विचारला तर आज आपल्या लेकराला आधार मिळेल आणि उद्या आपल्याच मुलींना ती पदं मिळतील. न विचारता हे होणार नाही.

कुणी म्हणेल, एवढा लांबचा रस्ता आपल्या गरिबांच्या पोरांनी का धरायचा, हातचं सोडून पळत्याच्या मागे का लागायचं? ज्या घराला खरंच थांबता येत नाही, त्यांनी नर्सिंगचा किंवा एमएसडब्ल्यूचा रस्ता धरावा, त्यात कमीपणा काही नाही. पण ज्या घराला दोन-तीन वर्षं जास्तीची ओढ सोसता येते, त्यांनी केवळ "वेड्यांचं काम" म्हणून मुलीची वाट अडवू नये. शरीराच्या डॉक्टरला आपण मान देतो. मनाचा कारागीरही त्याच मानाचा आहे.

वस्तीनं एवढं करावं. विहारात रविवारी मुलं जमतातच. त्यातल्या एका रविवारी मानसशास्त्र, एमएसडब्ल्यू किंवा नर्सिंग शिकणाऱ्या आपल्याच मुला-मुलींना बोलवा. फी किती भरली, पुस्तकं कुठून आणली, कुठे अडलं, हे त्यांच्या तोंडून अकरावी-बारावीच्या मुलांना ऐकू द्या. आई-वडिलांनाही शेजारी बसवा. तासाभराचं बोलणं, पण प्रवेशाचा अर्ज भरताना घराला त्याचाच उपयोग होईल.