मोटारीला समुद्र, माणसाला डोंगर

मोटारीने समुद्र ओलांडावा, याला माझी हरकत नाही. हरकत घ्यायला माझ्याकडे मोटारही नाही. पण बँकेत जमा-नावे करण्यात उभा जन्म चालला आहे. त्यामुळे कुणाचंही कौतुक ऐकलं की मी आधी खात्याची दुसरी बाजू शोधतो.

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. ग्रीसमध्ये बांधलेली बोट. पोटात शंभरावर मोटारी मावतात. रस्त्याने तीन-चार तास, बोटीने एक. मालक वर वारा खात बसतो, मोटार खाली विश्रांती घेते. पुढे २०२५ मध्ये जयगड-विजयदुर्गसाठी २५ नॉट वेगाच्या बोटीची घोषणा झाली. नॉट हे काय प्रकरण, म्हणून मी गुणाकार केला. ताशी ४६ किलोमीटर! तेही पाण्यावर! आमच्या रस्त्यांवर पावसाळ्यात हा वेग घेतला, तर चालकाला आधी विमा उतरवावा लागेल.

आता मांडवा रायगड जिल्ह्यात आणि आमचं कर्जत-खालापूरही त्याच जिल्ह्यात. इथे डोंगराला जितक्या सोंडा, तितक्या ठाकुरवाड्या. तिथली एक आजी निराधार पेन्शन काढायला दोन तास डोंगर उतरून काउंटरवर येते. मी एकदा सहज विचारलं, "आजी, रस्ता कधी होणार वाडीला?" ती म्हणाली, "तुजी सही झाली का बाबा? मला उजेडात घरी जायाचंय."

आजारी माणूस तर झोळीतून खाली येतो. विचारायला जावं, तर साहेब म्हणतात, "वाडी दुर्गम आहे हो!"

हा 'दुर्गम' शब्द मला ठाऊक आहे. आमच्याकडे 'सर्व्हर डाऊन'चा जो उपयोग, तोच त्याचा. अहो, समुद्रापेक्षा दुर्गम काय असतं? तिथे पायवाटसुद्धा नाही! तरी तिथे धक्के झाले, लाटा अडवायला बांध झाला, सरकारी योजनेतून पैसाही निघाला. म्हणजे जागा दुर्गम नसते. तिथे कोण जाणार, यावर ते ठरतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता. मोठी यंत्रं खालीच राहिली. माणसं पावसात पायी चढली आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसत राहिली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. रस्त्याने दरड थांबली नसती, हे मलाही कळतं. पण मदत वर पोचली असती की नाही?

बोट बंद करा, असं मी म्हणत नाही. खुशाल चालू दे, लोकांचा वेळ वाचतो. माझी मागणी कारकुनी आहे. मोटारीचे तीन तास वाचवायला जी वही उघडली, त्याच वहीत आजीचे दोन तासही लिहा. चढतानाचे वेगळे धरा.