यादी नको, वार सांगा

गेल्या शनिवारी सकाळी पोहे भिजवून ठेवले आणि कांदा चिरायला घेतला, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या टीममध्ये नुकताच आलेला सांगलीचा मुलगा. "दादा, सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. ऑगस्टमध्ये बायको आणि छोटा येतायत. घर कुठे बघू? आणि इथे फॅमिलीसाठी काय काय आहे, जरा सांगाल का?"

सांगाल का म्हणजे काय! मंडळी, या प्रश्नासाठी माझ्याकडे चक्क एक एक्सेल शीट तयार आहे. 'ॲन आर्बर – नवीन लोकांसाठी' असं भारदस्त नाव, चार टॅब, बेचाळीस ओळी. किराणा, डॉक्टर, शाळा, फिरायला. इंजिनियर माणसाला दुसरं सुचणार तरी काय? मी म्हटलं, "पाच मिनिटांत मेल करतो."

फोन ठेवला आणि आतून आवाज आला, "ती शीट पाठवू नकोस."

"का? एकदम अपडेटेड आहे."

"आपल्यालाही कोणीतरी अशीच पाठवली होती. आठवतंय ना?"

आठवतंय. चांगलंच आठवतंय. म्हणून आजचा हा लेख.

आधी गावाबद्दल थोडं. ॲन आर्बर हे मिशिगन राज्यातलं, डेट्रॉईटपासून साधारण पाऊण तासावरचं गाव. १८३७ साली मिशिगन विद्यापीठ डेट्रॉईटहून इथे हललं आणि तेव्हापासून गाव विद्यापीठाचं आणि विद्यापीठ गावाचं. २०२० च्या जनगणनेत गावाची वस्ती भरली १ लाख २४ हजारांच्या आसपास, आणि विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता आहे १,०७,६०१. म्हणजे थोडेफार आजारी आणि कंटाळलेले लोक सोडले तर अख्खं गाव एकाच वेळी मॅचला बसू शकतं. यावरून काय ते समजा.

आम्ही इथे आलो २०१३ च्या ऑगस्टमध्ये. लेक दोन वर्षांची. एका भल्या माणसाने पाठवलेली यादी हातात होती आणि मी ती शब्दशः पाळली. हायवेला लागून असलेल्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये घर घेतलं. भाडं कमी, खोल्या मोठ्या, वॉशर-ड्रायर घरात, हायवे दोन मिनिटांवर. इंडियन ग्रोसरी गाडीने दहा मिनिटं, देऊळ वीस-पंचवीस मिनिटं, मॉल पंधरा मिनिटं. सगळं कसं जवळ!

गोम एकच होती. हे सगळं 'जवळ' गाडीने होतं. गाडी एक, आणि ती रोज सकाळी साडेआठला माझ्याबरोबर ऑफिसला जायची. बायकोकडे लायसन्स नव्हतं. एच-४ व्हिसावर नोकरी करायला तेव्हा परवानगीच नव्हती. कॉम्प्लेक्सच्या फाटकाबाहेर फूटपाथसुद्धा नव्हता, नुसता गवताचा उतार आणि पुढे चौपदरी रस्ता. पुण्यात स्वतःची स्कूटी घेऊन कर्वे रस्ता पालथा घालणारी बाई एका सुंदर, गरम, वॉल-टू-वॉल कार्पेट घातलेल्या घरात बसून राहिली. मी संध्याकाळी विचारायचो, "आज काय केलंत?" आणि मला वाटायचं की मी आस्थेने चौकशी करतोय.

त्यात तो हिवाळा. ज्यांनी २०१३-१४ चा मिशिगनचा हिवाळा काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. २८ जानेवारी २०१४ ला इतकी थंडी पडली की विद्यापीठाने चक्क वर्ग रद्द केले. १९७८ नंतर पहिल्यांदाच! आमच्या ऑफिसनेही सांगितलं, घरूनच काम करा. मी लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलवर बसलो होतो. बायको खिडकीशी उभी होती, आणि खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी खुशीत दिसली.

मी म्हटलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही. आज अख्खं गावच माझ्यासारखं घरात बसलंय."

त्यानंतर मी तासभर स्क्रीनकडे बघत होतो. एक ओळ कोड लिहिला नाही.

आता मुद्द्यावर येतो. युनिव्हर्सिटी टाउनमध्ये येणाऱ्या कुटुंबातल्या एकाला गाव आयतं मिळतं. ज्याची नोकरी आहे किंवा ज्याचा प्रवेश झालाय, त्याला डिपार्टमेंट असतं, टीम असते, दुपारी जेवायला चार टाळकी असतात. जो 'बरोबर' आलेला असतो त्याला काहीच मिळत नाही. आणि आपण जी यादी फॉरवर्ड करतो ती बहुतेक वेळा पहिल्या माणसाने पहिल्या माणसासाठी केलेली असते. त्यात दुकानं असतात, अंतरं असतात, स्टार रेटिंग असतं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, गाडी नसताना, दोन वर्षांचं मूल घेऊन कुठे जायचं, याचं उत्तर त्या बेचाळीस ओळींत नाही. माझ्याही शीटमध्ये नव्हतं. बायकोने हा बग दाखवेपर्यंत मला तो दिसलाही नव्हता!

आमची गाडी रुळावर आली ती त्या मार्चमध्ये. बायकोने स्वतःच शोधून काढलं की गावची 'द राइड' बस दहा मिनिटांच्या चालीवर थांबते. बर्फाच्या ढिगाऱ्यांमधून स्ट्रोलर ढकलत ती ग्रंथालयाच्या मॅलेट्स क्रीक शाखेत गेली. तिथे बुधवारी सकाळी लहान मुलांचा गोष्टींचा तास होता. पुढच्या बुधवारी परत गेली. तिसऱ्या बुधवारी ग्रंथपालबाईंनी आमच्या लेकीला नावाने हाक मारली.

बास. एवढंच झालं. पण सात महिन्यांत या गावात आमच्या दोघांशिवाय कोणीतरी पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली होती. संध्याकाळी बायकोने मला हे तीन वेळा सांगितलं.

म्हणून माझं आता ठाम मत झालंय. नव्या बिऱ्हाडाला जागा सांगू नका, वार सांगा. एकच ठिकाण, तोच वार, तीच वेळ. दहा ठिकाणी एकेकदा जाऊन फोटो मिळतात. एकाच ठिकाणी दहा वेळा गेलं की माणसं मिळतात.

ॲन आर्बरपुरतं सांगायचं तर माझी दुरुस्त आवृत्ती अशी:

घर. दोन खोल्या कमी चालतील, पण दारातून पायी निघता आलं पाहिजे आणि बसचा थांबा जवळ पाहिजे. गावात भाडं जास्त आहे, मान्य. विद्यार्थ्यांमुळे इथली भाडी भल्याभल्यांना घाम फोडतात. पण दुसऱ्या गाडीचा हप्ता, विमा आणि पेट्रोल धरून हिशेब करा, फरक वाटतो तेवढा राहत नाही. आणि ऑगस्टअखेरीस विद्यार्थी घरं बदलतात तेव्हा रस्त्याच्या कडेला सोफे, टेबलं, दिवे यांचा खच पडतो. टेबल-खुर्ची उचला खुशाल, पण सोफा आणि गादी नको. ढेकूण फुकटात येतात, जाताना मात्र बिल लावतात.

ग्रंथालय. पहिल्या आठवड्यात कार्ड काढा, गावात राहणाऱ्याला ते फुकट आहे. इथे पुस्तकांबरोबर टेलिस्कोप, वाद्यं आणि भिंतीवर लावायची चित्रंसुद्धा घरी नेता येतात. ट्रॅव्हरवुड शाखेत गेलात तर लाकडाकडे बघा. एका किड्याने या भागातली ॲश झाडं मारून टाकली, त्याच झाडांचं लाकूड २००८ मध्ये ही इमारत बांधताना वापरलंय. पण मुख्य म्हणजे गोष्टींचा तास. वार बघून ठेवा आणि चुकवू नका.

केरीटाउनचा शेतकरी बाजार. १९१९ पासून भरतोय. मे ते डिसेंबर बुधवार आणि शनिवार, बाकी हिवाळ्यात फक्त शनिवार. दर महाग वाटतील, सगळी भाजी तिथून घेऊ नका. पण एकाच शेतकऱ्याकडून दर आठवड्याला काहीतरी घ्या. आमच्या एका आजोबांना आता माहीत आहे की आम्हाला कोवळी, छोटी वांगी लागतात. भरल्या वांग्यांची गोष्ट त्यांना सांगून झालीय.

आर्ब. म्हणजे निकोल्स आर्बोरेटम, आणि त्यातली पिओनीची बाग. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दोन-तीन आठवडे फुलते. तिकीट नाही. सगळं गाव तिथे येतं आणि सगळं गाव खुशीत असतं. अनोळखी माणसाशी बोलायला यापेक्षा सोपी जागा नाही.

परीची दारं. दुकानांच्या भिंतींत खाली वीतभर उंचीची लाकडी दारं बसवलेली आहेत. पहिलं सार्वजनिक दार २००५ मध्ये लागलं, पुढे काही गेली, काही नवी आली. लहान मूल असेल तर गावात पायी हिंडायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही. आमची लेक आता टीनएजर आहे, आमच्याबरोबर चालताना चार पावलं लांब राहते, पण त्या दारांपाशी अजूनही नकळत खाली वाकते.

फुटबॉलचा शनिवार. घरच्या मैदानावर सामना असेल तेव्हा आधी आणि नंतर गाडी बाहेर काढू नका. सामना चालू असताना मात्र दुकानात जा, तुम्ही आणि कॅशियर दोघंच असता. आणि एकदा तरी दिवसभर ते पिवळं-निळं वेड नुसतं बघत हिंडा. आपल्याकडे विसर्जनाच्या दिवशी पेठांमध्ये जे असतं तेच आहे, फक्त ढोल वेगळे.

आता कोणी म्हणेल, हा काय आपल्या माणसांपासून लांब राहायला सांगतोय का? मुळीच नाही. गणपती, दिवाळी, संक्रांतीला डेट्रॉईटच्या मराठी मंडळात आम्हीही असतो. २०१७ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन इथे मिशिगनमध्येच, ग्रँड रॅपिड्सला झालं, तेव्हा तीन दिवस नुसते गप्पा मारत होतो. आणि हायवेजवळच्या ज्या कॉम्प्लेक्सला मी नावं ठेवतोय, तिथेच शेजारीपाजारी चार मराठी घरं मिळून मजेत राहिलेली कुटुंबंही मला माहीत आहेत. शेजार चांगला असेल तर घर कुठेही असो. पण मंडळाचा कार्यक्रम दोन-तीन महिन्यांतून एकदा असतो, आणि मंगळवार दर आठवड्याला येतो. मी फक्त मंगळवारची सोय बघायला सांगतोय.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच यादीत नसते आणि जी सांगावीशी वाटत नाही. हे गाव निघून जाणाऱ्यांचं गाव आहे. गोष्टींच्या तासाला बायकोला पहिली मैत्रीण मिळाली ती एका पोस्टडॉकची कोरियन बायको. दोघींचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे गप्पा रंगायच्या. दोन वर्षांत नवऱ्याची मुदत संपली आणि ते परत गेले. जाताना तिने राइस कुकर दिला, तो अजून चालतोय. त्यानंतर दर मे महिन्यात कोणीतरी गेलंच आहे. पीएचडी संपते, ग्रँट संपते, व्हिसा संपतो. पहिल्या दोन वेळा बायको म्हणाली, आता नवीन ओळखी नकोतच.

यावर माझ्याकडे तोडगा नाही. एक अर्धामुर्धा उपाय आहे, तो म्हणजे जाणाऱ्यांबरोबर राहणाऱ्यांशीही दोस्ती करा. ग्रंथपाल, बाजारातले आजोबा, बागेत तण काढायला येणारे निवृत्त स्वयंसेवक. ही माणसं इथे जन्मापासून आहेत आणि गंमत म्हणजे तीही नवीन माणसांची वाट बघत असतात. कारण त्यांचीही मुलं कुठेतरी शिकागो-कॅलिफोर्नियाला निघून गेलेली असतात. आपल्या आईवडिलांसारखीच.

२०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या नवरा-बायकोचा आय-१४० मंजूर झालाय अशा एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळू लागली. पुढच्या वर्षी बायकोला ती मिळाली आणि नोकरीही लागली. नोकरीची माहिती कोणाकडून कळली? माझ्या शीटमधून नव्हे. बागेत तण काढणाऱ्या एका आजींकडून.

असो. त्या मुलाला मी शीट पाठवली नाही. दोन ओळींचं मेल पाठवलं: 'बस जिथे थांबते तिथे घर बघ. बाकीचं तुझी बायको आल्यावर तिच्याशी बोलू, कारण प्रश्न तिचा आहे.'

ते वाचून बायको म्हणाली, "बोलू काय? तिचा नंबर माग." मग पोहे गार होईपर्यंत ती सांगलीला फोनवर बोलत होती. शेवटी एवढंच ऐकू आलं, "अगं, ते बाकीचं राहू दे. तू आलीस की पहिल्या बुधवारी सकाळी दहाला बाजारात भेट. मी रजा टाकते. छोट्यालाही आण."